लेथवर हात बसवायचा असेल तर: टर्नर-मशिनिस्ट होऊ पाहणाऱ्यांसाठी पायरी-पायरीने

दहावीचा निकाल लागला की दरवर्षी गावाकडून दोन-तीन फोन येतात. विचारणं एकच: "पोराला टर्नरला घालू का? आता सगळं सीएनसी झालंय म्हणतात." मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात हेल्पर म्हणून लागलो, मग आयटीआय केलं, अप्रेंटिसशिप केली आणि आता टूलरूममध्ये, म्हणजे पंच-डाय बनवणाऱ्या खात्यात, काम करतो. त्यामुळे माझं उत्तर ठरलेलं आहे: जरूर घाला, पण हँडल फिरवायला शिकायचं म्हणून घालू नका. हँडल फिरवणं सीएनसीने, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनने, खरोखरच घेतलं आहे. जॉब (ज्यावर काम करायचं तो तुकडा) कसा बांधायचा, काय आणि कधी मोजायचं, कुठली बाजू आधी मारायची म्हणजे कापायची, हे अजून माणसाकडेच आहे आणि ते साध्या लेथवर, म्हणजे जॉब फिरवून टूलने कापणाऱ्या मशीनवर, जितकं पक्कं बसतं तितकं दुसरीकडे कुठे बसत नाही. फोनवर दर वेळी तुटक सांगण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून काढतो आहे.

## १. हे काम आज कुठे आहे, ते आधी पाहून या

एकाच मापाचे हजार नग काढायचे असतील तर साध्या लेथवर कोणी काढत नाही. भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर, कुठेही जा, ते काम सीएनसीवर गेलेलं दिसेल. पण एकच नग हवा असतो, तोही आज संध्याकाळपर्यंत, तेव्हा साधा लेथ लागतो. साखर कारखान्याचा गळीत हंगाम संपला की उन्हाळ्यात दुरुस्ती निघते: शाफ्ट, बुश, कपलिंग, रोलरच्या झिजलेल्या खाचा. फाउंड्रीतल्या पॅटर्नची आणि फिक्स्चरची कामं, टूलरूममधले पंच आणि डाय, कंपन्यांचं मेंटेनन्स खातं, रेल्वेचे परळ-माटुंग्याचे कारखाने, माझगाव डॉक, अशा जागी जुन्या लेथजवळ एक जाणता माणूस हमखास दिसतो. त्यातले बरेच आता निवृत्तीला आलेत.

शक्य असेल तर अर्ज भरण्याआधी एक दिवस अशा शेडमध्ये जाऊन उभे राहा. आठ तास उभं राहणं, तेलाचा वास, आवाज, गरम चिप्स हे सगळं स्वतः पाहा. मुलींनीही जावं. या कामात ताकदीपेक्षा नजर आणि धीर जास्त लागतो, जड जॉब उचलायला चेन ब्लॉक असतो.

## २. शिकायची वाट निवडा

वाटा मुख्यतः तीन आहेत.

पहिली, आयटीआय. टर्नर आणि मशिनिस्ट हे दोन्ही ट्रेड दोन वर्षांचे, दहावीनंतरचे. टर्नरला लेथचं काम जास्त, मशिनिस्टला मिलिंग, शेपर, स्लॉटिंग, ग्राइंडिंग. माझ्या मते ज्याला दुरुस्ती आणि जॉबवर्कमध्ये राहायचंय त्याने टर्नर घ्यावा आणि टूलरूमकडे जायचंय त्याने मशिनिस्ट. महाराष्ट्रात प्रवेश डीव्हीईटीच्या (राज्याच्या व्यवसाय शिक्षण संचालनालयाच्या) पोर्टलवरून ऑनलाइन होतात.

दुसरी, टूलरूमचा डिप्लोमा. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये दहावीनंतर टूल अँड डाय मेकिंगचा चार वर्षांचा डिप्लोमा आहे. प्रवेश परीक्षा असते, फी आयटीआयपेक्षा बरीच जास्त, शिस्त कडक. झेपत असेल तर याच्यासारखं शिक्षण नाही.

तिसरी, थेट शेडमध्ये हेल्पर म्हणून. मी अशीच सुरुवात केली. काम लवकर कळतं, पण हातात कागद राहत नाही आणि ड्रॉइंग वाचणं मागे पडतं. परिस्थितीमुळे हीच वाट घ्यावी लागली तर हरकत नाही, पण पुढे आयटीआय कराच. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हे पुष्कळांना माहीतच नसतं.

प्रवेशाला लागणारी कागदपत्रं आधीच एका फाइलमध्ये लावून ठेवा:

- दहावीचं गुणपत्रक
- शाळा सोडल्याचा दाखला
- आधार कार्ड
- वय आणि अधिवासाचा दाखला
- लागू असेल तर जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर किंवा आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला
- स्वतःच्या नावाचं बँक पासबुक, फोटो

इथे दोन ठिकाणी मुलं अडकतात. एक, फॉर्म ऑनलाइन भरला म्हणजे झालं असं समजतात. जवळच्या आयटीआयमध्ये कागद दाखवून अर्ज निश्चित केला नाही तर यादीत नावच येत नाही. दोन, विकल्प भरताना पहिल्या क्रमांकावर काहीही टाकतात. पहिल्याच विकल्पाची जागा लागली तर ती घ्यावी लागते, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणून पहिला विकल्प खरोखर हवा असलेलाच टाका. खाजगी आयटीआय असेल तर त्या संस्थेलाच नव्हे, त्या ट्रेडला आणि त्या तुकडीला मान्यता आहे का ते विचारा. आणि वर्कशॉप पाहिल्याशिवाय फी भरू नका. लेथ किती आहेत, त्यातले चालू किती आणि एका लेथमागे मुलं किती, एवढं पाहिलंत तरी पुरे.

## ३. स्वतःची हत्यारं जमवा, पण हळूहळू

सुरुवातीला एवढंच घ्या: सहा इंची स्टीलची पट्टी, १५० मिमीचा व्हर्निअर, सेफ्टी गॉगल, सेफ्टी शूज, एक जाड वही. पहिल्या पगारात ०-२५चा मायक्रोमीटर. नंतर लिव्हर डायल (काट्याने बारीक फरक दाखवणारा) आणि मॅग्नेटिक स्टँड, आट्यांमधलं अंतर म्हणजे पिच मोजायचा पिच गेज, साठ अंशांचा सेंटर गेज, तेलदगड, ॲलन कीचा सेट.

व्हर्निअर डिजिटलऐवजी साधा, ०.०२ वाचणारा घ्या. आकडे समोर आयते आले की नजर आळशी होते. रस्त्यावरचा स्वस्त मायक्रोमीटर घेऊ नका. त्यापेक्षा चांगल्या कंपनीचा जुना घ्या आणि गेज ब्लॉकवर तपासून घ्या.

## ४. मशीनला हात लावण्याआधी

बोटातली अंगठी, हातातलं कडं, मनगटावरचा गंडा-दोरा, गळ्यातली चेन काढून ठेवा. गंडा काढायला मुलं कचरतात, श्रद्धेचा विषय असतो. मग तो मनगटाऐवजी शर्टाच्या आत बांधा, पण फिरत्या मशीनसमोर हातात ठेवू नका. बाह्या कोपराच्या वर. केस लांब असतील तर टोपीच्या आत, ओढणी लॉकरमध्ये. फिरत्या जॉबजवळ हातमोजे कधीही नाही. हातमोजा अडकला तर आतला हात सुटत नाही.

चिप हाताने ओढायची नाही, त्याला हुक असतो. फिरत्या जॉबवर बोटाला गुंडाळून पॉलिश पेपर धरायचा नाही.

आणि चकची चावी. चक म्हणजे जॉब पकडून फिरणारा भाग. चावी चकमध्ये ठेवून हात सोडायचा नाही, कधीच नाही, एका सेकंदासाठीही नाही. आमच्या शेडमध्ये एका नव्या मुलाने चावी तशीच ठेवून मशीन चालू केलं. ती उडून मागच्या पत्र्याला भोक पाडून गेली. तो नुकताच बाजूला वाकला होता, म्हणून वाचला. त्या दिवसापासून माझी सवय अशी आहे: चावीवरून हात काढायचा असेल तर आधी चावी चकमधून काढायची. तुम्ही पहिल्याच दिवसापासून हे लावून घ्या, मग विचार न करता होतं.

## ५. कापण्याआधी मोजायला शिका

माझे मिस्त्री पहिले पंधरा दिवस मला मशीन चालवू देत नव्हते. एका डब्यात वीस-पंचवीस तुकडे ठेवायचे, म्हणायचे, "मोज आणि लिही." दुसऱ्या दिवशी तेच तुकडे पुन्हा. कालचं आणि आजचं माप जुळलं नाही की म्हणायचे, "तुझाच हात तुझ्याशी जुळत नाही, मग जॉब कसा जुळेल?" तेव्हा राग यायचा. आज शिकाऊ मुलांना मीही तेच करायला लावतो.

मायक्रोमीटर वापरताना तो आधी बंद करून शून्य पाहा. माप घेताना रॅचेटनेच दाबा, बोटांच्या जोराने नाही. व्हर्निअर फिरत्या जॉबला लावू नका. जबडे झिजतात आणि हातही जाऊ शकतो.

आता गरम जॉबचा सापळा. नवखा माणूस यात एकदा तरी सापडतोच. मी ५० मिमीची बेअरिंगची सीट मारत होतो. ड्रॉइंगवर के-६ होतं (बेअरिंग घट्ट बसावं म्हणून दिलेली सूट), म्हणजे माप ५०.००२ ते ५०.०१८च्या आत. कूलंटशिवाय सुकाच मोठा कट मारलेला, जॉब हाताला चटका देत होता. मोजला तर ५०.०१०, अगदी मधोमध. खूश होऊन काढून ठेवला. जेवून आल्यावर बेअरिंग हातानेच सरकून आत गेलं. पोलाद एका मीटरला एका अंशामागे साधारण १२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतं. जॉब शेडच्या हवेपेक्षा चाळीस अंश गरम होता, म्हणजे ५० मिमीवर २४ मायक्रॉन फुगलेला. थंड झाल्यावर माप राहिलं ४९.९८६. शाफ्ट गेला भंगारात, आणि तो मोठा महागाचा शाफ्ट होता. तेव्हापासून शेवटच्या कटाआधी कूलंट सोडून जॉब हाताला गार लागेपर्यंत थांबतो. फिनिशचं माप गरम जॉबवर कधीही घेऊ नका.

ड्रॉइंगचंही मोजण्याइतकंच आहे. आपल्याकडे ड्रॉइंग फर्स्ट अँगलमध्ये काढतात, अमेरिकन गिऱ्हाइकाचं थर्ड अँगलमध्ये येतं; दोन्हींत बाजूच्या दृश्यांची जागा उलट असते. कोपऱ्यातलं छोटं चिन्ह न बघता काम केलं तर खाच उलट्या बाजूला पडते. चिन्ह आधी बघा, मग बाकीचं.

## ६. जॉब बांधणं

लेथवरची निम्मी अक्कल इथे लागते. तीन जबड्यांचा चक सोपा, चावी फिरवली की तिन्ही जबडे एकत्र येतात. पण जुना तीन जबड्यांचा चक थोडा बाहेर फिरतोच. म्हणून नियम असा: ज्या दोन व्यासांनी एकमेकांशी नेमकं जुळायला हवं, ते शक्यतो एकाच बांधणीत मारा. जॉब उलटा करून पुन्हा बांधला की जुळणी गेली.

चार जबड्यांचा चक मुलं टाळतात, तो आधी शिका. जॉब ढोबळ मधोमध बांधा, लिव्हर डायल लावा, चक हाताने फिरवा. समोरासमोरच्या दोन जबड्यांवर डायलमध्ये किती फरक आहे तो पाहा. समजा एका जबड्याला काटा ०.४०ने पुढे आहे. नवखा माणूस जॉब ०.४० सरकवतो आणि तो तितकाच उलट बाजूला जातो. सरकवायचा निम्मा, ०.२०. एका बाजूचा जबडा किंचित सैल, समोरचा तितकाच घट्ट. आधी १-३ची जोडी, मग २-४ची, मग पुन्हा एकदा १-३. पहिल्यांदा अर्धा तास जाईल. महिन्याभराने पाच मिनिटांत बसतो.

लांब जॉबला टेलस्टॉकचा सेंटर, म्हणजे दुसऱ्या टोकाला आधार देणारी अणी, हवाच. सेंटरशिवाय बाहेर काढलेली बारीक लांब सळई वाकून तुमच्याकडे चाबकासारखी येते.

## ७. टूल स्वतः घासा

आजकाल इन्सर्ट (टूलच्या टोकाला बसणारी तयार धार) बदलला की काम चालतं, म्हणून टूल घासायला कोणी शिकवत नाही. तरी एचएसएसचा (हाय स्पीड स्टीलचा) एक तुकडा घ्या आणि ग्राइंडरवर बसा. समोरचा कोन, बाजूचा कोन, वरचा उतार हे पुस्तकात वाचून कळत नाहीत. चुकीचं घासलेलं टूल जॉबवर घासलं की आवाजाने कळतात.

एचएसएस घासताना मधूनमधून पाण्यात बुडवा. टोक निळं पडेल इतकं तापू देऊ नका. कार्बाइड टिपचं उलट: ती गरम असताना पाण्यात बुडवायची नाही, तडकते. कार्बाइडला हिरवा चाक, एचएसएसला पांढरा किंवा करडा. घासून झालं की तेलदगडावर धार हळूच बसवा.

टूलची उंची सेंटरला आहे का, हे पट्टीने पाहता येतं. जॉब थांबलेला असताना टूलचं टोक आणि जॉब यांच्यामध्ये पट्टी हलकीच धरा. सरळ उभी राहिली तर बरोबर. वरचं टोक तुमच्याकडे झुकलं तर टूल खाली आहे, पलीकडे झुकलं तर वर. फेसिंग (जॉबचं तोंड सपाट कापणं) केल्यावर मध्ये बारीक टोचा उरला तरी तेच समजायचं, उंची चुकली आहे.

इन्सर्ट वापरताना डबीवरचा रंग बघा: पोलादाला निळा, स्टेनलेसला पिवळा, बीडाला म्हणजे कास्ट आयर्नला लाल. कोल्हापुरात बीडाचं काम भरपूर, त्यामुळे लाल डब्या सगळीकडे दिसतात आणि नवखे त्याच पोलादावरही लावतात.

## ८. स्पीड आणि डायल

सूत्र एकच पाठ करा: कटिंग स्पीडला १००० ने गुणा, मग ३.१४ आणि व्यास यांच्या गुणाकाराने भागा. साधं पोलाद, एचएसएस टूल, स्पीड मिनिटाला २५ मीटर धरला तर २५ मिमीच्या सळईला साधारण ३२० फेरे, १०० मिमीला फक्त ८०. गिअरबॉक्समध्ये जवळचा खालचा निवडा. गिअर मशीन थांबवूनच बदला.

कुठल्याही नव्या लेथवर गेलात की सगळ्यात आधी क्रॉस स्लाइडचा, म्हणजे टूल जॉबच्या आत-बाहेर सरकवणाऱ्या हँडलवरचा, डायल तपासा. काही मशीनवर डायलवरचा अर्धा मिलिमीटर म्हणजे व्यासात अर्धा, काहींवर व्यासात एक. जुन्या मशीनवर डायल इंचात असतो. एक हलका कट मारा, मोजा, डायलशी ताडून बघा. हे न करता जॉब बारीक करून बसलेली कितीतरी माणसं मी पाहिलीत. आणि स्क्रूमध्ये खेळ असतोच, म्हणून माप चुकून पुढे गेलं तर थोडं मागे आणून थांबू नका; पूर्ण एक फेरा मागे जा आणि पुन्हा पुढे येत मापावर थांबा.

## ९. आटे पाडणं

आधी पिचप्रमाणे गिअर लावा, मग टूल सेंटर गेजने काटकोनात, मग अगदी हलका ओरखडा मारून पिच गेजने तपासा. ओरखड्यावर चूक सापडली तर जॉब वाचतो. एम-१२ला पिच १.७५, खोली साधारण १.०७ मिमी.

हाफ नट हा इथला फसवा भाग. तो लीड स्क्रूला पकडतो आणि मग टूल जॉबच्या लांबीने सरकतं. लीड स्क्रू ६ मिमी पिचचा असेल तर १, १.५, २ किंवा ३ पिचला हाफ नट कुठेही पाडला तरी टूल जुन्याच खाचेत येतं. १.७५ला येत नाही. आणि लीड स्क्रू इंचातला असेल आणि आटे मिलिमीटरचे, तर हाफ नट उघडूच नका: टूल बाहेर घ्या, मशीन उलटं फिरवून मागे या, पुन्हा टूल आत. वेळ जातो, पण आटे दुहेरी पडत नाहीत.

## १०. एक ओळंबा करा

गवंड्याचा ओळंबा. हा सरावाचा जॉब मला सगळ्यात आवडतो, कारण त्यात सगळं येतं. पितळ किंवा पोलादाची ३० मिमीची सळई घ्या. फेसिंग, सेंटर ड्रिल, टर्निंग, वर नर्लिंग (पकडीसाठी खडबडीत नक्षी), खाली टोकापर्यंत टेपर म्हणजे निमुळता उतार. टेपर एकूण ३० अंशांचा हवा असेल तर कंपाउंड (कोनात वळवता येणारी वरची स्लाइड) १५ला लावायचा, इथे हमखास चूक होते. वर भोक आणि टॅपने आटे, त्यात बसणारं झाकण वेगळं, झाकणाचे आटे लेथवर पाडलेले, मधून दोरीसाठी तीन मिलिमीटरचं भोक.

झाला की दोरीला टांगून हळूच फिरवा. टोक एका जागी स्थिर राहिलं तर बांधणी बरोबर होती. टोक वर्तुळ काढत असेल तर झाकणाचं भोक किंवा टेपर मध्याला नाही. कुठल्या बांधणीत चुकलं ते वहीत लिहा आणि दुसरा करा. माझा तिसरा जमला. तो अजून एका गवंडीकाकांकडे वापरात आहे.

## ११. अप्रेंटिसशिप, आणि मग सीएनसी

आयटीआय झाल्यावर एक वर्षाची अप्रेंटिसशिप करा. केंद्राच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर स्वतः नाव नोंदवा, त्याला पैसे लागत नाहीत. कोणी एजंट मागत असेल तर देऊ नका. जागा निघतील तसं रेल्वे, माझगाव डॉक आणि संरक्षण खात्याच्या कारखान्यांकडे लक्ष ठेवा. सापळा असा आहे की काही ठिकाणी "ट्रेनी" म्हणून ठेवतात आणि पोर्टलवर करारच करत नाहीत. मग वर्षभर राबूनही अप्रेंटिसचं प्रमाणपत्र मिळत नाही. पहिल्या महिन्यातच कराराची प्रत मागा.

सीएनसी या वर्षानंतर शिका, आधी नाही. प्रोग्रॅमचे कोड दोन-तीन महिन्यांत येतात. पण टूल का तुटलं, जॉब का थरथरतोय, ऑफसेट (मापातली दुरुस्ती) किती द्यायचा, हे ज्याला साध्या लेथवर कळलंय तो सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, होतो. बाकीचे जॉब घालणं-काढणं करत राहतात, आणि ते काम आता रोबोट करू लागलाय.

मुलाखतीला ट्रेड टेस्ट असते. वही, स्वतःचा व्हर्निअर आणि गॉगल घेऊन जा. जॉब हातात मिळाला की लगेच मशीन चालू करू नका: ड्रॉइंग पूर्ण वाचा, कच्चा माल मोजा, चक हाताने फिरवून बघा, डायल व्यासाचा आहे की त्रिज्येचा ते विचारा. परीक्षक लांबून बघत असतो. झाल्यावर जॉबच्या धारदार कडा घासून मोडा, मशीन पुसा, चिप्स काढा, चावी जागेवर ठेवा आणि मगच जॉब त्यांच्या हातात द्या.